सरावाचा पेशंट

आपण घरात असताना या सोसायटीत कुणी मरू शकत नाही, असं दशरथराव ओव्हाळ यांनी एका रविवारी संध्याकाळी जाहीर केलं. मरायचंच असेल तर ज्यानं त्यानं आपापलं बघावं, पण आधी दशरथरावांना ओलांडून जावं लागेल.

हे जाहीर केलं ते बायकोपुढे, कारण त्या वेळी दुसरं कुणी ऐकायला नव्हतं. मुक्ताबाई मेथी निवडत होत्या. दशरथराव नुकतेच ज्येष्ठ नागरिक संघातलं प्रथमोपचाराचं शिबिर करून आले होते आणि तिथे मिळालेलं प्रमाणपत्र घरी पोचायच्या आधीच त्यांनी वाटेत लॅमिनेट करून घेतलं होतं. शिबिरात छाती दाबायचा सराव करायला प्लॅस्टिकचा एक कमरेपर्यंतचा माणूस होता. दशरथरावांनी त्याला इतक्या तळमळीनं दाबला, की शिकवणाऱ्या बाईंना म्हणावं लागलं, "काका, बाकीच्यांसाठीही थोडा ठेवा."

"मग वाचला का तो?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"कोण?"

"तो अर्धा माणूस."

"अगं, तो प्लॅस्टिकचा असतो."

"म्हणजे अजून कुणी वाचलेलं नाही," मुक्ताबाई म्हणाल्या आणि त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

दशरथरावांची उभी हयात टपाल खात्यात गेली होती. वस्तू वेळेवर आणि बरोबर पत्त्यावर पोचली पाहिजे, यापलीकडे त्यांना आयुष्याचं फारसं तत्त्वज्ञान नव्हतं आणि तसं पाहिलं तर ते पुरेसं आहे. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीतल्या 'मैत्री सहनिवास'मध्ये हेच तत्त्व चालवायला त्यांना काही मिळत नव्हतं. मग गेल्या हिवाळ्यात बापूरावांची ती गोष्ट झाली.

बापूराव दुसऱ्या मजल्यावर राहतात. एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स बोलावली, ती आलीही झटकन, पण फाटकाबाहेरच अडली. आत शिरल्यावर गाडी जिथे वळवावी लागते, नेमकी तिथेच चेअरमन संभाजीरावांची मोटार चंदेरी कव्हर घालून उभी होती. ती तिथे किती वर्षं उभी होती ते जुन्या रहिवाशांनाही सांगता येत नसे. शेवटी बापूरावांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी फाटकाबाहेर उचलून नेलं. खुर्चीचा एक पाय दशरथरावांच्या हातात होता आणि दशरथरावांचं मनगट बापूरावांच्या हातात. बापूराव वाचले, आता रोज फिरायला जातात आणि सगळ्यांच्या चालण्यातल्या चुका काढतात. दशरथरावांच्या मनगटावरची ती पकड मात्र सुटली नाही. त्या सकाळी ते फार घाबरले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मुक्ताबाईंना ते न सांगता कळलं होतं.

तेव्हापासून सोसायटीच्या प्रत्येक सभेत दशरथराव उभे राहायचे आणि ती मोटार हलवा म्हणायचे. संभाजीराव दर वेळी शांतपणे विचारायचे, "का हो ओव्हाळ, ॲम्ब्युलन्स काय रोज येते?"

प्रमाणपत्र मिळाल्यावर दशरथरावांनी ते सभेत आणलं. सगळ्यांना फिरवून दाखवलं. संभाजीरावांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती, ती जरा जास्तच वेळ वाचली.

"असं करू," ते म्हणाले. "तुम्ही सोसायटीला शिकवा. मग एक सराव घ्या. नीट पार पडला तर मी मोटार हलवतो. फजिती झाली, तर हा विषय पुन्हा सभेत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," दशरथराव म्हणाले. घरी आल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा पटकन म्हणालो. पण शब्द दिला तो दिला.

गच्चीवर वर्ग सुरू झाले. लोक यायला लागले, कारण वर्ग संपल्यावर मुक्ताबाईंची भजी असत. दशरथरावांनी लोकांच्या डोक्यातून बऱ्याच गोष्टी काढल्या. चक्कर आली की कांदा हुंगवायचा, फिट आली की चप्पल, पडलेल्या माणसाला लगेच बसवून तोंडात पाणी ओतायचं. "कांदा कोशिंबिरीत घालायचा," ते ठणकावून सांगत. "नाकात नाही." हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशीपासून ते सगळे एका सुरात म्हणायला लागले.

त्यांचा सर्वांत लाडका नियम मात्र बापूरावांवरून निघाला होता. छातीत कळ आली तेव्हा बापूराव तासभर 'ॲसिडिटी आहे, ॲसिडिटी आहे' म्हणत सोडा पीत बसले होते.

"लक्षात ठेवा," दशरथराव म्हणाले, "पेशंट हमखास म्हणणार, मला काही झालेलं नाही. उठून बसायला बघणार. ओरडणार. ऐकायचं नाही. पेशंटचं ऐकलं की पेशंट गेला."

"मी सांगतो ना," बापूरावांनी दुजोरा दिला. "माझं कुणी ऐकलं नाही म्हणून मी आहे."

मग कामं वाटली. खराडीला सॉफ्टवेअरमध्ये असलेला सौरभ प्रथमोपचार करणार. बापूराव गर्दी हटवणार. पहिल्या मजल्यावरची भाग्यश्री नातेवाइकांना फोन करणार. भाग्यश्री बँकेत नोकरी करते आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करते, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. दशरथरावांनी तिला फोनवर बोलायचं वाक्यही बेतून दिलं. ऐकणारा घाबरू नये, रडारड होऊ नये, वाटेत कुणी गाडी ठोकू नये, असं सगळं तोलून मापून. उभ्या हयातीत लोकांच्या तारा पोचवलेल्या माणसाला एवढं जमायलाच हवं.

अडलं ते पेशंटवर. पडायला कुणी तयार होईना. कुणाला अपशकुन वाटला, कुणाची कंबर, कुणाची साडी.

"आपल्याकडे शकुन-अपशकुन मानत नाहीत," दशरथराव घरी येऊन म्हणाले. "तू पडतेस का?"

"मानत नाहीत ना? मग तुम्हीच पडा," मुक्ताबाई म्हणाल्या. "मला नंतर पोहे करायचेत. आणि पडाल ते जुन्या शर्टात पडा."

सराव रविवारी सकाळी ठरला. सराव संपला की सगळ्यांना पोहे, म्हणून मुक्ताबाई सकाळीच कोथिंबीर आणि लिंबं आणायला बाजारात गेल्या. घाईत त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. जाताना त्यांनी जिन्यात दशरथरावांकडे वरून खाली पाहिलं, जुना शर्ट आहे याची खात्री केली आणि म्हणाल्या, "आटपा लवकर."

ठरल्या वेळी दशरथराव जिन्यासमोरच्या फरशीवर पडले. छान पडले. डोळे मिटले, एक हात छातीवर ठेवला. संभाजीराव आधीच खुर्ची टाकून, हाताची घडी घालून परीक्षकासारखे बसले होते. तेवढ्यात जिन्यातून उतरणाऱ्या एक बाई थबकल्या.

"ओव्हाळकाका, फरशी आत्ताच पुसलीय. वाळू तरी द्यायची," असं म्हणून त्या त्यांच्या पायांवरून अलगद पुढे गेल्या. दशरथरावांनी मनातल्या मनात त्यांना नापास केलं.

मग भाग्यश्रीनं आरोळी दिली आणि पथक धावत आलं. सौरभ कानाला हेडफोन लावूनच आला होता. "सॉरी काका, क्लायंट कॉल आहे. म्यूटवर टाकलंय, यू कॅरी ऑन," असं म्हणत त्यानं दशरथरावांच्या नाकापाशी कान नेला. श्वास चालू आहे, म्हणजे छाती दाबायची नाही, हे त्याला बरोबर आठवलं. दशरथरावांना मिटल्या डोळ्यांनी अभिमान वाटला.

"हात चुकलाय," वरून बापूरावांचा आवाज आला. "माझा इथे नव्हता. जरा डावीकडे घ्या. चेहराही वेडावाकडा करा थोडा, एवढं समाधान नसतं तेव्हा."

दशरथरावांनी हात डावीकडे घेतला आणि चेहऱ्यावरचं समाधान कमी केलं. सगळं कसं आखल्याप्रमाणे चाललं होतं. आणि मग भाग्यश्री फोनवर बोलायला लागली. फोन मांजरी गावाला लागला होता, मुक्ताबाईंच्या धाकट्या भावाला, दत्तोबाला.

"नमस्कार. घाबरून जाऊ नका," भाग्यश्री बँकेतल्या स्वच्छ, शांत आवाजात म्हणाली. "दशरथराव ओव्हाळ यांना सकाळी जरा बरं नव्हतं. आता सगळं शांत आहे. आपण मात्र लगेच निघून यावं. येताना आईंना सांभाळून आणावं."

आता तुम्ही मराठी माणूस असाल तर तुम्ही इथेच चपला शोधायला लागला असाल. आपल्याकडे खरंच कुणी आजारी असलं की फोन करणारा रडतो, ओरडतो, चार वेळा 'लय सीरियस हाय' म्हणतो. असा फोन आला की आपण निवांत असतो. माणूस आहे म्हणायचं. पण कुणी थंड आवाजात 'घाबरू नका, फक्त निघून या' म्हणालं, की आपण पुढे काही विचारत नाही. फोन ठेवतो आणि कपाटातले पांढरे कपडे काढतो.

दशरथरावांनी हे वाक्य स्वतः बेतलं होतं, पण ते ऐकलं आज पहिल्यांदा. फरशीवर पडल्या पडल्या त्यांच्या अंगावर काटा आला. सराव होताच आपणच दत्तोबाला फोन करून खरं सांगायचं, असा त्यांचा बेत होता. पण आपण मधल्या वेळात गेलेलो असणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यांनी खाडकन डोळे उघडले. "भाग्यश्री, ठेवू नकोस. सराव आहे म्हणून सांग त्याला."

भाग्यश्रीनं फोन ठेवला होता. सौरभनं त्यांच्या छातीवर प्रेमानं हात ठेवून त्यांना पुन्हा आडवं केलं. "काका, बोलायचं नाही. रिलॅक्स."

"अरे, मला काही झालेलं नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. अगदी शिकवलं होतं तस्संच.

"आता ॲसिडिटी म्हणतील बघा," बापूराव म्हणाले.

"गाढवांनो, मला फोन द्या. दत्तोबाला वाटेल मी मेलो."

"आपण मेलो असं वाटतंय त्यांना," बापूराव गर्दीला समजावून सांगू लागले. "मलाही वाटलं होतं. ऐकू नका."

आणि कुणी ऐकलं नाही. चादरीची झोळी पुढे आली, दशरथरावांना तीत गुंडाळलं, हात हलवू नयेत म्हणून ओढणीनं बांधलं आणि वाजतगाजत फाटकापर्यंत नेऊन परत आणलं. या सगळ्या वेळात ते काय काय बोलले ते सगळं छापण्यासारखं नाही. संभाजीराव शेजाऱ्याला म्हणाले, "माणूस टपालखात्यात वाया गेला. अभिनय आहे अंगात."

झोळीतून सुटका झाल्यावर दशरथराव चादर अंगावर तशीच घेऊन खुर्चीत कोसळले आणि दत्तोबाला फोन लावत सुटले. रिंग जायची, उचलायचं कुणी नाही. पथकाला वाटत होतं आपण पास झालो. सगळे संभाजीरावांभोवती निकालासाठी जमले.

"सराव बरा झाला," संभाजीराव म्हणाले. "पेशंटचा स्वभाव सोडला तर उत्तम. पण माझी मोटार आड येते, हे कुठे दिसलं? मोठी गाडी तर आलीच नाही. तेव्हा मोटार राहील तिथेच."

दशरथरावांनी वर पाहिलं. एवढं पडून, बांधून घेऊन, मेहुण्याच्या घरी सुतक पाडून पदरात हे. भांडायला त्यांच्यात त्राण नव्हतं. पोह्यांच्या आशेनं मंडळी तासभर रेंगाळली आणि ते फोन लावत राहिले. शेवटच्या खेपेला रिंग त्यांच्या कानात वाजली आणि त्याच वेळी फाटकाबाहेरही वाजली.

फाटकाबाहेर दत्तोबाचा टेम्पो उभा होता. हा टेम्पो एरवी मांजरीहून मार्केट यार्डात फ्लॉवर आणि कोबी नेतो. आज त्यात माणसं होती. पुरुष पांढऱ्या सदऱ्यात, बायका पांढऱ्या साड्यांत, कुणाच्या हातात पांढऱ्या फुलांचा मोठा हार, कुणाच्या हातात मेणबत्त्यांचा पुडा. पुढच्या सीटवर मुक्ताबाईंची आई. म्हातारीला दोन पावलं टाकणं मुश्कील, पण जावई गेला म्हटल्यावर ती घरी कशी थांबेल?

टेम्पो आत शिरला, वळायला गेला आणि चंदेरी कव्हरापाशी अडला. दत्तोबा खाली उतरला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"कुनाची गाडी ही? बाजूला घ्या. आई चालत न्हाई," तो म्हणाला. "आन् आमच्या दाजींना पन... " त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"माझी आहे," संभाजीराव गडबडून उभे राहिले. "पण ते... चावी जरा... "

"चावी ऱ्हाऊ द्या. ए, या रं सगळे."

जिन्यापाशी खुर्चीत बसलेल्या दशरथरावांनी हाक मारायला तोंड उघडलं. 'दत्तोबा, मी इथं आहे' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मांजरीच्या पोरांनी मोटारीला चारी बाजूंनी हात घातले आणि 'हं' म्हटलं. मोटार जमिनीवरून उठली. बापूरावांच्या खुर्चीचा पाय धरल्या दिवसापासून दशरथराव जे बघायला तरसले होते, ते डोळ्यांपुढे घडत होतं. तोंडापर्यंत आलेली हाक त्यांनी गिळली. गेलेला माणूस आणखी थोडा वेळ गेलेला राहिला, तर कुणाचं काय बिघडतं? ते चादर डोक्यावर ओढून गप बसले.

उचलताना कव्हर घसरलं. चारही टायर चपटे झाले होते, खाली गवत माजलं होतं आणि बॉनेटच्या फटीतून एक मांजर बाहेर पडून, सगळ्यांकडे तुच्छतेनं बघत निघून गेलं. लोक संभाजीरावांकडे बघायला लागले.

"चालू होत नाही हो ती," संभाजीराव हळू आवाजात म्हणाले. "कधीपासूनच नाही. हलवतो कुठून? चेअरमननं गाडी ढकलायला माणसं मागायची का सोसायटीत?" त्यांचा चेहरा इतका पडला की सभेतले सगळे वाद आठवूनही दशरथरावांना वाईट वाटलं. हट्टी माणसाशी भांडता येतं. हा बिचारा नुसता लाजत होता.

मोटार पोरांनी नेऊन सगळ्यांत जवळच्या मोकळ्या जागेत ठेवली. टेम्पो पाण्यासारखा आत आला, जिन्यापुढे सुरेख वळला आणि थांबला. मग दशरथरावांनी चादर बाजूला केली आणि उभे राहिले. हार घेऊन पुढे आलेला दत्तोबा जागच्या जागी थिजला.

"दाजी," तो म्हणाला. "तुम्ही... हाय?"

"आहे," दशरथराव ओशाळून म्हणाले. "जय भीम."

दत्तोबानं हाराकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. मग टेम्पोतून म्हातारीचा आवाज आला, "मला खाली घ्या आदी." तिला उतरवलं. ती काठी टेकत आली, जावयाचा चेहरा तिनं दोन्ही हातांनी चाचपला, खात्री झाल्यावर काठीनं त्याच्या पोटरीवर एक दिली आणि मग त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. तिचं बघून पांढऱ्या साडीतल्या बाकीच्या बायकांनीही सूर लावला. वाटभर दाबून धरलेलं रडणं होतं ते, माणूस जिवंत निघाला म्हणून परत थोडंच नेता येतं?

नेमक्या त्याच वेळी, कोथिंबिरीची पिशवी घेऊन मुक्ताबाई फाटकात आल्या.

त्यांना काय दिसलं ते सांगतो. माहेरचा टेम्पो. पांढऱ्या कपड्यांच्या पाठी. दत्तोबाच्या हातात हार. आई टाहो फोडून रडतेय. आणि त्या सगळ्या पाठींच्या मागे, आत, सकाळी जुन्या शर्टात पडायला गेलेला आपला नवरा असणार. खोट्याचं खरं झालं. मुक्ताबाईंच्या हातातली पिशवी सुटली, लिंबं उतारावरून घरंगळत गेली आणि त्या होत्या तिथेच खाली बसल्या आणि कलंडल्या.

ते पहिल्यांदा दशरथरावांनी पाहिलं. सासूबाईंचे हात सोडवून ते धावले. आयुष्यात इतके धावले नसतील. मुक्ताबाईंपाशी गुडघ्यांवर बसले आणि शिबिर, प्रमाणपत्र, प्लॅस्टिकचा माणूस, गच्चीवरचे सगळे वर्ग त्यांच्या डोक्यातून पार पुसले गेले. राहिला नुसता एक घाबरलेला नवरा.

"मुक्ता, अगं मुक्ता. पाणी आणा. तिला बसवा. कांदा आणा कुणीतरी, कांदा. नाहीतर चप्पल आणा."

भाग्यश्रीनं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हलकेच बाजूला केलं. "काका, कांदा कोशिंबिरीत."

मग जे झालं ते खरं म्हणजे चित्र काढून ठेवण्यासारखं होतं. बापूरावांनी एका आवाजात गर्दी मागे हटवली. सौरभनं हेडफोन काढून खिशात टाकला, श्वास बघितला, मुक्ताबाईंना सपाट झोपवलं आणि त्यांचे पाय उचलून कोथिंबिरीच्या पिशवीवर ठेवले. कुणी पाणी ओतलं नाही. कुणी नाकाशी काही नेलं नाही. थोड्या वेळानं मुक्ताबाईंनी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला. त्या बराच वेळ तो बघत राहिल्या.

"मला काही झालेलं नाही," मग त्या म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही. ॲसिडिटी असेल."

"टेम्पो," सगळी सोसायटी एका सुरात म्हणाली.

टेम्पो जिन्यापुढून निघाला, मोटार जिथे असायची तिथून न थांबता वळला आणि फाटकाबाहेर पडला. आळंदी रस्त्यावरचं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. मागे कोबीच्या रिकाम्या पोत्यांवर चादर अंथरून मुक्ताबाईंना झोपवलं होतं आणि त्यांनी दशरथरावांचं मनगट घट्ट धरलं होतं. बापूरावांनी धरलं होतं तिथेच.

"मी बरी आहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

"असू दे," दशरथराव म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं. उपाशी पोट, उन्हातली चाल आणि वर मोठा धक्का, बाकी काही नाही, घरी न्या, असं ते म्हणाले. मग त्यांनी दशरथरावांकडे पाहिलं. "या काकांना काय होतंय? यांचा रंग जास्त उडालाय."

"मला काही झालेलं नाही," दशरथराव म्हणाले. "जरा छातीत जळजळतंय, ते आपलं... "

पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण उशीर झाला होता. दत्तोबानं आणि सौरभनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून कॉटवर आडवं केलं, नर्सनं छातीला वायरी लावल्या, यंत्रानं कागदावर रेघोट्या काढल्या. डॉक्टरांनी तो कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "ॲसिडिटीच आहे."

शेजारच्या कॉटवरून मुक्ताबाई हसल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"पुन्हा पडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"खोटंसुद्धा नाही."

"नाही गं."

"आणि माझी लिंबं कुठे गेली?"

लिंबं भाग्यश्रीनं गोळा केली होती. परत आले तेव्हा सोसायटीच्या बायकांनी पोहे केलेले होते आणि माहेरची सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत गच्चीवर बसून ते खात होती. हार वाया घालवायचा नाही म्हणून म्हातारीनं तो ओव्हाळांच्या घरातल्या बुद्धमूर्तीला वाहिला, मेणबत्त्याही तिथेच लावल्या आणि सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. निघताना तिनं जावयाला बजावलं, "आता खरा गेलास तरी आम्ही आदी चौकशी करनार, मंग निघनार."

संभाजीराव शब्दाचे पक्के निघाले. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी पिवळे पट्टे मारून घेतले आणि स्वतःच्या हस्ताक्षरात पाटी लावली: 'ही जागा रुग्णवाहिकेसाठी आहे. आपण रुग्ण नसल्यास येथे वाहन लावू नये. लावल्यास व्हाल.' वार्षिक सभेत त्यांनी दशरथरावांचा शाल देऊन सत्कारही केला. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र जिन्यात लागलं. दशरथराव येता-जाता त्या मोकळ्या पट्ट्यांकडे बघतात आणि रात्री त्यांना शांत झोप लागते. झालं ते चांगलंच झालं, यात शंका नाही.

एवढंच, की मांजरीच्या पोरांनी मोटार ज्या सगळ्यांत जवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली, ती दशरथरावांच्या स्कूटरची जागा होती. स्कूटर पोरांनी आदबीनं उचलून बाहेर उन्हात लावली होती. ती अजून उन्हातच आहे. मोटार कव्हर घालून आत आहे. मांजर परत आलं आहे. गॅरेजवाला येतो येतो म्हणतो आणि सोसायटीतल्या माणसांना ती जागची हलत नाही. शेवटी परवा दशरथरावांनी मनाचा हिय्या करून मांजरीला फोन लावला.

"जय भीम, दत्तोबा. मी बोलतोय. घाबरू नका, पण पोरांना घेऊन जरा लगेच निघून... "

"दाजी," पलीकडून शांत आवाज आला. "आदी ताईकडं फोन द्या."